बिल्ड नंबर आपोआप कसा नोंदवता?

प्रश्न, दर्यापूर: जिनिंगच्या काट्यावर आपलं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर चालते, बिल्ड (कोडपासून बनलेलं चालवाचं सॉफ्टवेअर) जेनकिन्स या आपोआप बिल्ड काढणाऱ्या टूलवर निघते पण व्हर्जन अजून फाईलीत हातानं लिहा लागते, सीझनमधे काट्यावरून फोन येते का पावती निघून नाही राहिली तर त्या मशीनवर कोणतं बिल्ड हाय हेच समजत नाही. काय करता तुम्ही?

उत्तर: भाऊ, हातानं लिहिणं बंदच करा. जेनकिन्स प्रत्येक बिल्डला नंबर देतेच, पण नुसत्या नंबरावरून कोड सापडत नाही, म्हणून पाइपलाइनमधे (जेनकिन्सच्या बिल्डच्या पायऱ्यांत) गिट डिस्क्राइब ही कमांड चालवा, गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं टूल, १.४.२-७ अन् पुढं कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) हॅश, म्हणजे त्याची ओळखखूण, असं येते, म्हणजे १.४.२ टॅगनंतर (त्या व्हर्जनच्या कमिटला लावलेल्या नावानंतर) ७ कमिट झाले. तेच बिल्डच्या वेळी फाईलीत टाका अन् पावतीखाली बारीक छापा, काटेवाला फोनवर वाचून सांगते.

उत्तर: टॅग अॅनोटेटेड (कोणी, कधी लावला या माहितीसकट) ठेवजा, साधे टॅग डिस्क्राइब एरवी धरत नाही. गिटहब अॅक्शन्सवर (जेनकिन्ससारखीच बिल्डची सेवा) असाल तर फेच डेप्थ (किती मागचे कमिट आणायचे ते) ० करा, म्हणजे सगळे येते, नाहीतर फक्त शेवटचं कमिट येते अन् डिस्क्राइबला मागचा टॅग सापडत नाही.

उत्तर: अन् ती व्हर्जनची फाईल परत रेपोत (गिटमधल्या कोडच्या साठ्यात) कमिट नका करू, त्यानं पुन्हा बिल्ड सुरू होऊ शकते.

प्रश्नकर्ता: पावतीवर छापायचं लई कामाचं सांगितलं भाऊ, आजच टाकतो.