दारांवरची ड्रायव्हिंग स्कूलची अक्षरं रंग न उखडता कशी काढायची?

लाल_अल्टो

सांगलीतलं मामांचं ड्रायव्हिंग स्कूल गेल्या दिवाळीत बंद झालं आणि त्यातली 2012 ची लाल अल्टो मी घेतली. डावीकडचे जादाचे ब्रेक-क्लच काढून झाले, पासिंग खाजगीवर झालं, पिवळी पाटी जाऊन पांढरी आली. राहिली फक्त अक्षरं. दोन्ही दारांवर वीतभर उंचीचं पांढरं नाव, बॉनेटवर आणि डिकीवर पांढऱ्या चौकोनात तांबडा 'एल'.

'एल' बघून मागची वाहनं जरा लांब राहतात, ते बरंच आहे म्हणा. पण परवा सिग्नलला एका काकूंनी काच वाजवून "महिन्याची फी किती?" विचारलं.

डिकीवरच्या 'एल'चा कोपरा नखाने उचकटून पाहिला. टिकलीएवढा तुकडा निघाला आणि खाली काळपट चिकटा. गॅरेजवाला म्हणतो, थिनर मारून पाच मिनिटांत साफ करून देतो. देऊ का त्याच्या ताब्यात?

निवांत_नाना

रॉकेल चोळा, निघेल. आमच्या जीपचं असंच काढलं होतं. फक्त आता रॉकेल मिळतं कुठे ते विचारू नका.

ब्लेडवाला

ताई, थिनरवाल्याला हात लावू देऊ नका. कराडला माझं रेडियमचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. असली अक्षरं शेकड्याने चिकटवलीत आणि तेवढीच खरवडलीत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गाडी नीट बघा. अक्षर कसं निघणार हे त्याच्या खाली कोणता रंग आहे त्यावर ठरतं. कंपनीत मारलेला रंग भट्टीत साधारण 140 डिग्रीला भाजलेला असतो, तो सहसा सोडत नाही. गॅरेजमध्ये मारलेला फार तर 60-80 डिग्रीला वाळवलेला, कधी नुसता उन्हात. त्यावरचं रेडियम ओढलं की रंगच सोबत येतो आणि थिनर लागला तर तो रंग फुगतोसुद्धा. फ्रिजवरचं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दारावरून फिरवा. एखाद्या जागी धरलं नाही तर आत पुट्टी आहे, म्हणजे तो भाग नंतर रंगवलेला. काचेच्या रबरी बीडिंगवर लाल कण दिसतात का तेही बघा.

रंग कंपनीचा असेल तर काम सोपं आहे. गाडी धुवा, सावलीत लावा, घरातला हेअर ड्रायर घ्या. चार बोटं लांब धरून हलवत राहा. पत्र्यावर हात दोन सेकंदांच्या वर ठेववत नाही इतकं तापलं की बास. दुकानातली हीट गन नको, ती पाचशे डिग्रीपर्यंत जाते आणि एका जागी जरा थांबली की रंगाला फोड येतो. कोपरा जुन्या एटीएम कार्डाने उचला. मग स्वतःकडे ओढायचं नाही, उलटं दुमडून पत्र्याला लागून, केळ्याची साल मागे न्यावी तसं सावकाश न्यायचं. तडतड आवाज आला तर पत्रा गार पडलाय, परत शेकवा.

तुमचं टिकलीटिकलीने निघतंय, कारण ते स्वस्तातलं रेडियम आहे. तीन-चार उन्हाळ्यांत त्यातला लवचिकपणा उडून जातो आणि कडक पापडी उरते. चमकणारं असेल तर वरचा पदर निघून खाली दुसरा राहतो. धीर धरा, एका दाराला दोन तास जातील.

उरलेल्या चिकट्याला निलगिरीचं तेल लावा, नाहीतर साधं खोबरेल. पंधरा मिनिटं मुरू द्या, मऊ फडक्याने गोल गोल पुसा आणि शाम्पूने धुवा. आधी दाराच्या आतल्या कडेला थेंबभर लावून बघा. नेलपॉलिश रिमूव्हर, घासणी, स्टीलचं पातं, यातलं काहीही नको.

आता एक कबुली. माझ्याकडे 2008 साली प्लॉटर आला, म्हणजे अक्षरं आधीच कापून देणारं मशीन. त्याआधी आम्ही अख्खा पट्टा गाडीवर चिकटवून पत्र्यावरच ब्लेडने अक्षर कापायचो, आणि छोट्या दुकानांत अजूनही तसंच चालतं. त्या ब्लेडची रेघ रंगात उतरते. अक्षर निघाल्यावर कड दिसली तर तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो काप आहे, पॉलिशने जाणार नाही. टचअपचा रंग बारीक ब्रशने भरा, नाहीतर तिथूनच गंज धरेल. नख घसरलं तर तो नुसता छटेचा फरक. भोवतालचा लाल उन्हाने विटलाय, झाकलेला ताजा राहिलाय. लाल रंगात तो जास्तच डोळ्यांत भरतो.

घाटावरचा

ब्लेडवाल्यांशी सहमत. माझ्या मडगार्डवरचा पट्टा मी थंडीत, सकाळी सात वाजता, एका झटक्यात ओढला. पट्ट्यासोबत तळहाताएवढा रंग आला. ते मडगार्ड आधी ठोकून रंगवलेलं आहे हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं.

लाल_अल्टो

चुंबक फिरवलं. उजवं दार, बॉनेट, डिकी सगळीकडे घट्ट धरलं. डाव्या दारावर मात्र खालच्या अर्ध्या भागात सटकतंय. मामा म्हणाले, "सगळी पोरं डावीच घासतात गं." ते दार दोनदा रंगवलंय, आणि दुसऱ्यांदा रंगवल्यावर चौथ्या दिवशी अक्षरं लावली होती.

ब्लेडवाला

चौथ्या दिवशी? कोणी लावली देव जाणे, मी नव्हतो. रंग आतून वाळायला काही आठवडे जातात. तोवर रेडियम लावलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. त्या दाराला ड्रायर अगदी कोमट, पत्र्यावर हात आरामात टेकवता आला पाहिजे. मासे पकडायची बारीक तंगूस घ्या, अक्षराच्या कडेने निलगिरीचं तेल सोडा आणि तंगूस पत्र्याला समांतर, करवतीसारखी मागेपुढे फिरवत आत न्या. रंग उचलतोय असं वाटलं तर तिथेच थांबून तेवढा तुकडा कात्रीने कापून टाका. अर्धं अक्षर राहिलं तरी चालेल, रंग जाता कामा नये.

लाल_अल्टो

दोन रविवार गेले. बॉनेट आणि डिकी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत साफ. उजव्या दाराला तीन तास लागले. डाव्या दाराला अख्खा दिवस, दोन वेळा चहा आणि तंगुशीने कापलेलं एक बोट. 'स्कूल'च्या 'ल'खाली मसुरीच्या डाळीएवढा रंग गेलाच, तिथे टचअप भरलाय. रबिंग कंपाउंड हाताने मारताना फडकं लाल झालं तेव्हा मात्र पोटात गोळा आला.

ब्लेडवाला

वर पारदर्शक क्लिअर कोट नसलेल्या साध्या लाल रंगात फडकं लाल होतंच, विटलेला थर निघतो. आता थांबा मात्र, वरून मेण लावा. रोज घासाल तर खालचा प्रायमर दिसेल.

लाल_अल्टो

मेण लावलं. एरवी काही दिसत नाही. पण आज पहाटे दव पडलं होतं, तर उजव्या दारावर 'ड्रायव्हिंग' स्वच्छ वाचता येत होतं. मामा आले होते, चष्मा चढवून वाचत उभे. हे कशाने जाईल?

ब्लेडवाला

ऊन आलं की. दहा वाजेपर्यंत जातं.