कोमोडो ड्रॅगन की सिटाटुंगा? अनुभव सांगा

नवऱ्याला इंडोनेशियात जाऊन कोमोडो ड्रॅगन बघायचाय, मला झांबियात दलदलीतलं हरीण, सिटाटुंगा. पैसे एकाच सहलीपुरते. यातलं काहीही पाहिलेल्यांनी लिहा. टूरवाल्यांचं पाठ झालंय, स्वतःचं सांगा.

खारघरकर : आम्ही लाबुआन बाजोहून बोटीने रिंचा बेटावर गेलो. सोबतच्या रेंजरकडे हत्यार म्हणाल तर दुबेळकं असलेली एक लांब काठी, बस्स! पहिला ड्रॅगन सावलीत पोट टेकून पडलेला. हिने विचारलंच, "पुतळा ठेवलाय का?" तेवढ्यात पिवळट, दुभंगलेली जीभ सळकन बाहेर आली आणि ही माझ्या मागे. वास तो जिभेनेच टिपतो. पलीकडे रुसा हरणं निवांत चरत होती, तेच याचं मुख्य खाणं. लहानपणी वाचलेलं की सावज त्याच्या घाणेरड्या लाळेने मरतं. आता कळलं, खालच्या जबड्यात चक्क विषग्रंथी असतात. तीन मीटरपर्यंत वाढणारं धूड, पण तासाभरात उठून चालला तो चार पावलं.

चिपळूणची : हेच आमच्या परसातल्या घोरपडीचं. जीभ तीच, आळस तोच. भाऊबंदच ते! आजी मात्र तिला बघून दार लावायची.

लुसाकावासी : झांबियातल्या कसांका राष्ट्रीय उद्यानात फिब्वेचं मचाण आहे, जुन्या महोगनीवर, जमिनीपासून साधारण १८ मीटर. शिडीने चढायचं. पहाटे खाली नुसतं धुकं आणि पपायरस, म्हणजे दलदलीतलं उंच लव्हाळं. दीड तास काही नाही, डबा उघडला. मग लव्हाळ्यात दोन कान हलले. बाकी अंग नंतर, हप्त्याहप्त्याने. खूर लांबलचक, फाकलेले. चिखलात पाय रुतत नाही, पण कोरड्या जमिनीवर चाल अगदी बेंगरूळ. घाबरलं की पाण्यात शिरतं, नाकपुड्या तेवढ्या वर. ते मात्र मला दिसलं नाही, खोटं कशाला सांगू. दुर्बीण नसेल तर जाऊ नका.

शंकासुर : हरीण नव्हे, कुरंग. शिंगं दरवर्षी गळत नाहीत. आपल्या काळविटासारखं.

धागाकर्ती : कुरंग तर कुरंग. मचाणाच्या शिडीचं वाचून नवरा गप्प झालाय. हा माणूस गच्चीच्या कठड्यापाशीही येत नाही. खारघरकर, बोट फार हलते का हो?