लोकर उजव्या हातात की डाव्या? (आणि ८ नंबरच्या सुईचा घोळ)

लोकरवेडी_महाल: नातवासाठी स्वेटर विणून राहिली आहे. आत्यानं शिकवलं तसं लोकर उजव्या हातानं सुईवरून फिरवते. सुलट ओळ भरभर होते, पण दोन सुलट-दोन उलटच्या पट्टीत लोकर सारखी पुढे-मागे घ्यावी लागते नं, मनगट भरून येतं. जर्मनीतली सून लोकर डाव्या हातात धरते, तिचा हात जेमतेम हलतो. मीही बदलू का? तिनं पाठवलेल्या अमेरिकन नमुन्यात ८ नंबरची सुई आहे, माझी ८ चालेल?

दोन_सुया: काकू, ती ८ घेऊ नका! आपल्याकडचे नंबर जुन्या इंग्लिश पद्धतीचे, वाढत्या नंबरला सुई बारीक. आपली ८ म्हणजे ४ मिमी. अमेरिकेत उलटं, त्यांची ८ म्हणजे ५ मिमी. तुम्हाला आपली ६ लागेल.

आता हाताचं. तुमची ती इंग्लिश पद्धत, सुनेची काँटिनेंटल. तिच्यात लोकर डाव्या तर्जनीवर ताणलेली असते, उजव्या सुईच्या टोकानं ती उचलून टाक्यातून ओढायची, फिरवणं नाहीच. टाका तोच पडतो, पण हाताचा ताण बदलतो. म्हणून हा स्वेटर चालू पद्धतीनंच संपवा, नाहीतर मधूनच वीण सैल-घट्ट दिसेल. आणि डाव्या हातानं उलट टाका घालताना लोकर सुईवर कुठल्या बाजूनं येते ते बघा. पूर्व युरोपात बऱ्याच बायका ती सोप्या बाजूनं घेतात. झटपट होतं, पण टाका सुईवर फिरून बसतो. पुढच्या ओळीत तो मागच्या पायातून, म्हणजे टाक्याच्या सुईमागच्या धाग्यातून, विणावा लागतो, नाहीतर पीळ पडतो. माझं मत विचाराल तर पट्टीसाठी ही युक्ती सोन्यासारखी आहे.

धरमपेठची_उमा: मनगट दुखत असेल तर पोर्तुगीज पद्धत बघा, काकू. लोकर मानेमागून किंवा खांद्याजवळ टोचलेल्या पिनेतून येते, उलट टाक्याला फक्त डावा अंगठा हलतो. पेरूतही असंच विणतात, उलट बाजू आपल्याकडे ठेवून. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र पिनच बरी, घामेजल्या मानेवर लोकर टोचते.

लोकरवेडी_महाल: उमाताई, पिन साडीच्या पदराला लावली तर चालते का? ब्लाउजला खेच बसेल असं वाटतं.

धरमपेठची_उमा: पदर सरकतो. ब्लाउजलाच लावा, डाव्या खांद्याच्या जरा खाली, मागून कापडाचा तुकडा देऊन.