मदत हवी आहे: घटस्फोट ठरलाय, पण बायकोच्या मेडिक्लेमसाठी तो लांबवावा का?

नमस्कार. आयडी नवा आहे, कारण समजून घ्याल.

आमचा परस्परसंमतीने घटस्फोट ठरला आहे. मूल नाही, भांडण तर केव्हाच संपलं. एकरकमी पोटगीचा आकडाही दोघांनी बसून ठरवला. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली अर्ज दाखल आहे आणि ६ महिन्यांचा कूलिंग पीरियड (फेरविचारासाठीची मुदत) सरत आलाय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून तो माफही करून घेता येतो, बहुतेकांची धडपड त्यासाठीच असते. आम्हाला मात्र वेळ हवाय.

कारण तिला ल्युपस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. औषधं आणि तपासण्या कायमच्या, मधूनच अ‍ॅडमिट करावं लागतं. ती फ्रीलान्स काम करते, त्यामुळे विमा एकच, माझ्या ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम. डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम) झाली की त्यातून तिचं नाव जाणार. नवी पॉलिसी मिळाली तरी आधीपासूनच्या आजाराला वेटिंग पीरियड, तोवर त्या आजाराचा क्लेम नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये त्याची कमाल मर्यादा ४८ वरून ३६ महिन्यांवर आणली, पण ल्युपसच्या माणसाला तीन वर्षं विम्याविना काढायला सांगणं म्हणजे पोटगी थेट हॉस्पिटलात नेऊन भरणंच.

ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत मायग्रेशन करता येतं आणि आधीचा काळ वेटिंगमध्ये धरला जातो, एवढं वाचलंय. पण कंपनी प्रकृती बघून नाही म्हणाली तर? म्हणून आधी तिची पॉलिसी हातात येऊ दे, मग सेकंड मोशन (कोर्टात दुसऱ्यांदा संमती नोंदवायची ती पायरी), असं आमचं दोघांचं मत आहे.

वकीलबाई म्हणतात, अर्ज दाखल केल्यापासून १८ महिन्यांच्या आत सेकंड मोशन झाली पाहिजे, नाहीतर पुन्हा नव्याने सुरुवात धरून चाला. दुसरा मार्ग त्यांनी सुचवला तो कलम १० चा, ज्युडिशियल सेपरेशनचा. त्यात लग्न कायद्याने टिकतं, एकत्र राहायचं बंधन मात्र उरत नाही.

लांबवण्यातले धोके मलाही दिसतात. माझी नोकरी गेली तर हा सगळा खटाटोप फुकट. डिक्रीआधी मला काही झालं तर ती कायद्याने वर्ग १ ची वारस. माझी हरकत नाही, घरच्यांची आहे. आणि डिक्री होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, त्यामुळे तिच्या भावाला वाटतं मी पोटगी बुडवायला हे लटकवतोय. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. म्हणून ठरलेल्या रकमेचा काही भाग आत्ताच तिच्या खात्यात टाकायचा विचार आहे. नवरा-बायको असेपर्यंत ती भेट तिला करमुक्त, पण त्या पैशावरचं व्याज तोवर माझ्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. ते चालेल.

आता विचारायचं ते हे. ज्युडिशियल सेपरेशननंतर ग्रुप पॉलिसीत जोडीदाराचं नाव टिकल्याचा कोणाला अनुभव आहे का? पॉलिसीच्या मूळ कागदात 'स्पाउस'ची व्याख्या नेमकी कुठे बघायची? (एचआरला विचारलं की संध्याकाळपर्यंत मजलाभर होतं.) कोणी घटस्फोटाच्या वेळी असं मायग्रेशन केलं असेल तर अर्ज डिक्रीच्या किती आधी टाकला आणि विमा कंपनीने कोणते कागद मागितले? आधी दिलेली रक्कम संमतीच्या अटींमध्ये कशी लिहून घेतात, हेही कोणी वकील सांगू शकले तर बरं होईल.

'एकत्रच राहा ना मग' हा सल्ला घरून भरपूर मिळालाय, तेवढा सोडून काहीही लिहा.