शब्दचर्चा: पेशीच्या ‘अ‍ॅडहिजन फोर्स’ला मराठीत काय म्हणाल?

निशिगंध:
एका विज्ञान मासिकासाठी लेख लिहितेय. एकटी जिवंत पेशी काचेला किंवा इम्प्लांटच्या धातूला किती जोरात धरून बसते, ते अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने कसं मोजतात, हा विषय. ‘अ‍ॅडहिजन फोर्स’ला ‘आसंजन बल’ लिहिलं, तर संपादक म्हणतात वाचक तिथेच पान उलटेल. ‘चिकटपणा’ मलाच पटत नाही. सुचवा काहीतरी.

खलबत्ता:
चिकटपणा नकोच. मधाचा, इंजिन ऑइलचा चिकटपणा म्हणतो तेव्हा मनात बहुतेक वेळा व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, असते. आणि माणसाचा चिकटपणा म्हणजे खिशातून दमडी न सुटणं. एका शब्दावर किती ओझं लादायचं?

मुळाक्षर:
आसंजन दिसतो तेवढा परका नाही. ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे. त्याच धातूवरून आसक्ती, संग, प्रसंग, निःसंग. एकाच पदार्थाचे कण एकमेकांना धरतात ते संसंजन, दोन वेगळे पदार्थ धरतात ते आसंजन. भौतिकशास्त्रात ही जोडी लागते, म्हणून मोडू नये असं माझं मत.
पण पेशींसाठी मला ‘लागणे’ जास्त आवडतं. ‘लग्’ धातूवरून लग्न आणि लागण दोन्ही आले. जिवाणू आधी कुठेतरी चिकटतो, मग पुढचा उपद्व्याप. लागण शब्दात ती पहिली पायरी आहेच.

तंतू:
मुळाक्षर, व्युत्पत्ती झकास, पण मला अडचण वेगळीच दिसते. हे यंत्र चिकटण्याचं बल मोजतच नाही.
त्यातली कँटिलिव्हर म्हणजे पाव मिलिमीटरही लांब नसलेली, जाडीला मायक्रोमीटरच्या आसपासची लवचीक पट्टी. पेशीसाठी वापरायची तर बिनटोकाची (खाली एरवी असते ती अणकुचीदार सुई नसलेली) घेतात आणि तिला कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए फासतात. हे प्रथिन आपल्या अबईच्या जवळच्या नात्यातल्या जॅक बीनमधून काढलेलं. ते पेशीच्या अंगावरच्या शर्करा पकडतं. पट्टीला अशी एक पेशी लावून घ्यायची, खाली आणून पृष्ठभागावर टेकवायची, नॅनोन्यूटनभर (न्यूटनचा अब्जावा भाग) जोराने काही सेकंद दाबून ठेवायची आणि वर ओढायची. पट्टीच्या पाठीवरून परतलेला लेझरचा ठिपका डिटेक्टरवर सरकतो, त्यावरून पट्टी किती वाकली ते कळतं. वाकणं गुणिले स्प्रिंग स्थिरांक, म्हणजे पट्टीचा ताठपणा, झालं बल.
बघण्यासारखा असतो तो ओढतानाचा आलेख. रेषा शून्याखाली घसरत तळ गाठते. तोच आकडा लोक ‘अ‍ॅडहिजन फोर्स’ म्हणून छापतात. मग ती एकदम वर येत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी चढते. उभी पायरी म्हणजे एखादा बंध किंवा बंधांचा पुंजका तुटला. मधेच लांब आडवा सपाट भाग आला, तर पेशीच्या पटलाची बारीक नळी लोकरीच्या धाग्यासारखी ओढली जातेय असं समजायचं. पेशी कित्येक मायक्रोमीटर वर गेली तरी ती नळी खाली धरून असते.
म्हणजे आपण नोंदतो ते सुटतानाचं बल. तेच शब्दात यावं.

खलबत्ता:
सुटतानाचं आणि चिकटण्याचं एकच ना? जेवढ्याने चिकटलं तेवढ्याने सुटणार.

तंतू:
नाही ना! म्हणून तर भांडतोय. किती वेगाने ओढता यावर आकडा बदलतो. बायोटिन हे जीवनसत्त्व आणि त्याला धरणारं अ‍ॅव्हिडिन हे प्रथिन, ही जीवशास्त्रातली अतिशय घट्ट जोडी. १९९४ साली एकेक बंध तोडून पाहिला तेव्हा सुमारे १६० पिकोन्यूटन (नॅनोन्यूटनचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोन्यूटन) आले. १९९९ मध्ये ताण चढवण्याचा वेग प्रचंड पट्ट्यात बदलून पाहिला, तर तशाच बंधाला कधी ५ पिकोन्यूटन पुरले, कधी १७० लागले. हळू ओढलं की उष्णतेने होणारी रेणूंची धडपडच बंध सोडवायला हातभार लावते. झटक्यात ओढलं की तिला सवडच मिळत नाही. त्यामुळे ‘या बंधाचं बल अमुक’ म्हणणाऱ्याला आधी वेग विचारावा. दाबून किती वेळ ठेवलं, तेही विचारावं. पसरून बसलेली पेशी शेकडो नॅनोन्यूटनांनाही दाद देत नाही. तिथे फासलेली पट्टी पुरत नाही, म्हणून झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातली पोकळ पट्टी वापरतात, जी पेशीला चोखून धरते.

निशिगंध:
पिकोन्यूटन वाचकाला कसा कळणार?

तंतू:
पेशीच्याच मापाने सांगा. १० मायक्रोमीटरची पेशी पाण्यात बुडाली की तिचं उरलेलं वजन पाव पिकोन्यूटनच्या आसपास. म्हणजे एका नॅनोन्यूटनने धरलेली पेशी स्वतःच्या वजनाच्या काही हजार पट ओढ सोसते. आणि एक नमुना द्यायचाच असेल तर म्युनिकचा द्या: २००० साली डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या अमीबाची एक पेशी दुसरीला टेकवून सोडवली, तर सुटण्याच्या पायऱ्या साधारण २३ पिकोन्यूटनांच्या पटीत आल्या. पेशीच्या पातळीवर एकेक रेणूचा हिशोब लागला.

मुळाक्षर:
मग घोरपड बाद की काय? आपल्याकडे चिकटून बसण्याचं ते प्रमाणपत्रच.

खलबत्ता:
घोरपड नख्यांनी धरते हो, ती पकड झाली. आसंजन बघायचं तर ट्यूबलाइटशेजारची पाल. तिच्या पायावरच्या सूक्ष्म केसांना व्हॅन डर वाल्स बल, म्हणजे रेणूंमधलं क्षीण आकर्षण, पुरतं.

निशिगंध:
एक उरलं. ओढलं की आणखी घट्ट होणारे बंध, ‘कॅच बॉण्ड’. त्यांना?

मुळाक्षर:
सरफाशी बंध! ओढाल तसा आवळतो.

तंतू:
वा, हे चालेल. मूत्रमार्गात लागण करणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या केसांसारख्या तंतूंच्या टोकावरचं फिमएच प्रथिन तसंच वागतं, प्रवाहाचा ताण आला की पकड घट्ट करतं. फक्त एक सांभाळा: ओढल्यावर लवकर सुटणाऱ्या साध्या बंधाला ‘स्लिप बॉण्ड’ म्हणतात आणि इंग्रजीत सरफासाची गाठ ‘स्लिप नॉट’. कुणीतरी नेमकं उलटं वाचेल.

निशिगंध:
ठरलं तर. गुणधर्म सांगताना ‘आसंजन’, पहिल्याच उल्लेखात ‘म्हणजे चिकटून राहणं’ जोडते. यंत्राचा आकडा देताना ‘सुटण्याचं बल’, सोबत ओढण्याचा वेग. कँटिलिव्हरला काय करू?

खलबत्ता:
काही करू नका. गॅलरीचा स्लॅब टाकणारा गवंडीसुद्धा कँटिलिव्हरच म्हणतो.

मुळाक्षर:
‘सुटण्याचं बल’ला माझा विरोध नोंदवून ठेवा. षष्ठी लावून केलेली संज्ञा सामासिक शब्दांत अडते. ‘सुटबल’ करा.

तंतू:
‘सुटबल’ म्हटलं की मला सुटलेलं पोटच आठवतं. षष्ठीच राहू द्या.