निकाल लागल्यावर मुख्याध्यापकांनी नाव बदलले. आता दहावीला ‘निवडणूक प्रक्रिया’ कशी शिकवू?

प्रश्न: माध्यमिक शिक्षिका, बीड जिल्हा

नमस्कार. मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत नऊ वर्षांपासून आठवी ते दहावीला इतिहास व राज्यशास्त्र शिकवते. दहावीच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राला १२ गुण असल्यामुळे बहुतेक ठिकाणी हा भाग जानेवारीत, उजळणीच्या गडबडीत उरकला जातो. तसे होऊ नये म्हणून मी या वर्षी ‘निवडणूक प्रक्रिया’ हा पाठ लवकर घेण्याचे ठरवले आणि त्याला जोडून शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक गुप्त मतदानाने घेतली. मुलांनी मतदार यादी केली, खोक्याला चीर पाडून मतपेटी केली, बोटाला लावायला स्केचपेनची शाईही आणली.

मुख्यमंत्रिपदासाठी जो मुलगा निवडून आला तो वर्गात अतिशय लोकप्रिय असला तरी दंगेखोर म्हणून शिक्षककक्षात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी परिपाठाच्या वेळी मुख्याध्यापकांनी दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचे नाव जाहीर केले आणि निवडून आलेल्या मुलाला क्रीडामंत्री केले. कारण कोणालाच सांगितले नाही. त्या तासाला मी वर्गात गेले तेव्हा फळ्यावर कोणीतरी लिहून ठेवले होते, ‘मग मतदान कशाला घेतलं?’ मी ते पुसले, पण उत्तर दिले नाही.

आता पाठ अर्धा राहिला आहे. निवडणूक आयोग स्वायत्त असतो, निवडणुका खुल्या व न्याय्य वातावरणात होतात, ही वाक्ये मी त्याच फळ्यासमोर उभी राहून कोणत्या तोंडाने सांगावीत, असा माझा प्रामाणिक प्रश्न आहे. मुख्याध्यापकांशी वाद घालण्याची माझी तयारी नाही. ते माणूस म्हणून चांगले आहेत. अनुभवी शिक्षकांनी मार्ग सुचवावा.

उत्तर: पाच निवडणुकांत केंद्राध्यक्ष राहिलेले शिक्षक, सातारा

मॅडम, फळ्यावरचा तो प्रश्न पुसायला नको होता, कारण तुमच्या पाठाचा सगळा गाभा त्या चार शब्दांत आहे. माझ्या मते त्याच प्रश्नापासून पुन्हा सुरुवात करावी.

तुमच्या निवडणुकीत मुख्याध्यापक हे निवडणूक निर्णय अधिकारी होते. खऱ्या निवडणुकीत या अधिकाऱ्याला उमेदवार नाकारण्याचा अधिकार असतो. मात्र तो उमेदवारी अर्जांच्या छाननीच्या, म्हणजे तपासणीच्या दिवशी, कायद्यात आधीच लिहिलेल्या कारणासाठी आणि लेखी आदेशाने वापरावा लागतो. एकदा मतमोजणी होऊन निकाल जाहीर झाला की त्या अधिकाऱ्याला निकाल फिरवता येत नाही. लोकसभा किंवा विधानसभेच्या निकालाविरुद्ध तक्रार असेल तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते. म्हणजे तुमच्या शाळेत चूक झाली ती दंगेखोर मुलगा निवडून आला ही नव्हे, तर त्याची पात्रता मतदानानंतर तपासली गेली ही. हे मुलांना असेच सांगितले तर मुख्याध्यापकांवर टीका न करताही उत्तर दिल्यासारखे होईल आणि ‘छाननी’ हा शब्द त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

दुसरे असे की, पाठातील ‘न्याय्य वातावरण’ हा शब्द मुलांना पोकळ वाटतो, कारण तो कशाकशाने उभा राहतो ते आपण दाखवत नाही. मी वर्गात मतदान केंद्राची पहाट सांगतो. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते. किमान ५० मते टाकली जातात, यंत्रावरचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेले ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या जुळवल्या जातात, मग यंत्रातील मते पुसली जातात आणि चिठ्ठ्या काळ्या पाकिटात मोहोरबंद होतात. क्लोज, रिझल्ट, क्लिअर, या तीन बटणांना आम्ही ‘सीआरसी’ म्हणतो आणि क्लिअर राहून तर गेले नाही ना, या धास्तीने केंद्राध्यक्ष तीनदा तपासतो. संध्याकाळी किती मते नोंदवली गेली ते ‘१७ सी’ या नमुन्यात भरून त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला द्यावी लागते, आणि मतमोजणीच्या दिवशी तो कागद समोर ठेवूनच यंत्र उघडले जाते. कोणी प्रामाणिक आहे असे येथे गृहीतच धरलेले नाही; एकमेकांवर अविश्वास असणारी माणसे एका टेबलाशी बसवून कागदावर सह्या घेतल्या आहेत. दहावीतल्या मुलांना हा विचार फार आवडतो, असा माझा अनुभव आहे.

वर्गात एक प्रसंग अवश्य करून घ्यावा. एक मुलगी मतदानाला येते आणि तिच्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलेले असते. बहुतेक मुले म्हणतात, ‘आता तिला परत पाठवायचे.’ प्रत्यक्षात तिची ओळख पटली तर तिला कागदी मतपत्रिका देतात, तिला प्रदत्त मत म्हणतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत हे मत धरले जात नाही. ‘मग देतात कशाला?’ असा प्रश्न येईल, आणि तेव्हा निवडणूक याचिकेचा धागा पुन्हा हाती येतो: वाद न्यायालयात गेला तर ते पाकीट पुरावा म्हणून उघडता येते.

उत्तर: गणित शिक्षक, पुणे

सरांचे म्हणणे मान्य आहे, परंतु केवळ नियमांचे पालन शिकवले तर मुलांचा असा समज होईल की नियम पाळले म्हणजे लोकांची इच्छा आपोआप कळते. तसे नसते. त्याच मतांतून, मोजण्याची रीत बदलली की निकाल बदलतो. हे राज्यशास्त्राच्या तासाला कोणी दाखवत नाही, म्हणून मी माझ्या तासाला दाखवतो.

वर्गात ४५ मुले आहेत असे समजू. अनुक्रमे १८, १५ आणि १२ मते मिळवणारे तीन उमेदवार आहेत. आपल्या विधानसभेच्या पद्धतीने १८ मतांचा उमेदवार विजयी होतो, जरी २७ मुलांनी त्याला मत दिलेले नसले तरी. आता हीच निवडणूक पसंतिक्रमाने घेऊ. एका जागेसाठी वैध मतांच्या निम्म्यापेक्षा जास्त, म्हणजे ४५ भागिले २ अधिक १, अपूर्णांक सोडून २३ मतांचा कोटा लागतो. तो कोणीच गाठत नाही, म्हणून १२ मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती पाहिली जाते. त्यातील ९ दुसऱ्या उमेदवाराकडे आणि ३ पहिल्याकडे गेल्या, तर २४ विरुद्ध २१ असा निकाल लागून पहिल्या फेरीत मागे असणारा निवडून येतो. मॅडम, ही पद्धत परकी नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेचे शिक्षक याच रीतीने मत देतात. तेथे यंत्र नसते, केंद्रावर दिलेल्या पेनानेच मतपत्रिकेवर १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. माझ्या मुलांना ‘तुमच्या सरांना आमदार निवडताना आकडे लिहावे लागतात’ याचे जेवढे आश्चर्य वाटले तेवढे कोणत्याही प्रमेयाचे वाटले नव्हते.

आणखी एक प्रयोग आहे. त्याच ४५ मुलांचे ९ जणांचे ५ मतदारसंघ करा आणि दोनच पक्ष ठेवा. एका पक्षाला पाच ठिकाणी ५, ५, ५, २, १ अशी मते पडली, तर एकूण १८ मतांत त्याला ३ जागा मिळतात; २७ मते मिळवणाऱ्या दुसऱ्याच्या हाती २ जागा राहतात. त्यानंतर १९५१-५२ च्या पहिल्या लोकसभेचे आकडे फळ्यावर लिहावेत: काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मते आणि ४८९ पैकी ३६४ जागा. कोणीही लबाडी केलेली नाही, तरी टक्के आणि जागा जुळत नाहीत. येथे मुले रेषा इकडेतिकडे सरकवून पाहू लागतात, आणि मतदारसंघांची पुनर्रचना हा विषय न सांगता सुरू होतो.

उत्तर: निवृत्त ग्रामविकास अधिकारी

थोडे सावधपणे शिकवावे, एवढेच सुचवतो. नियम बदलतात आणि छापील पुस्तक मागे राहते. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आपल्याकडे २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. ‘नोटा’चेही, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाचेही, तसेच आहे. विधानसभेला नोटाची मते सर्वांत जास्त असली तरी उमेदवारांमध्ये पुढे असणारा निवडून येतो; २०१९ ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होते, हे मराठवाड्यातील मुलांना सांगण्यासारखे आहे. स्थानिक संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये वेगळा आदेश काढला आणि अशा वेळी फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली. दिल्लीचा आयोग निराळा आणि राज्याचा निराळा, हा फरक पदवीधर माणसांनाही माहीत नसतो.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी मी तो प्रश्न स्वतःच्या हाताने पुन्हा फळ्यावर लिहिला. छाननीची गोष्ट सांगितल्यावर वर्ग शांत झाला आणि ज्या मुलीचे नाव जाहीर झाले होते तिनेच उभे राहून सांगितले की तिला हे पद असे नको आहे. मी मुख्याध्यापकांना भेटून, आरोपाचा सूर न लावता, मुलांनी आधी नियम लिहावेत आणि त्यावर आपण सही करावी, अशी विनंती केली. ते तयार झाले, एवढेच नव्हे तर ‘माझी घाई झाली’ असेही म्हणाले.

परंतु त्यांनी एक अट सुचवली आहे: उमेदवाराची उपस्थिती किमान ७५ टक्के असावी. वरकरणी ती योग्य वाटते. मसुदा वाचून दाखवताना मागच्या बाकावरून आवाज आला, ‘म्हणजे कोयत्याची पोरं उभीच राहायची नाहीत.’ आमच्या वर्गातील सात मुले दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची उपस्थिती कधीच तेवढी भरत नाही. जो मुलगा निवडून आला होता तो त्यांच्यापैकीच आहे, हे मी पहिल्या वेळी लिहायला हवे होते. या अटीबाबत काय करावे?

उत्तर: साताऱ्याचे शिक्षक

मॅडम, अट काढा असेही मी म्हणणार नाही आणि ठेवा असेही नाही. त्या अटीवर एक पूर्ण तासिका द्या. कारण हा वाद देशातही मिटलेला नाही. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली, पुरुषांसाठी दहावी उत्तीर्ण, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. आपल्याकडे दोनपेक्षा अधिक अपत्ये असल्यास ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, पण आमदारकीला ही अट नाही. ग्रामपंचायत सदस्यासाठी वय २१ पुरे, आमदारासाठी २५ लागते. यातल्या प्रत्येक अटीपुढे दोन प्रश्न लिहायला सांगा: ही अट कोणाला बाहेर ठेवते, आणि जो बाहेर राहतो त्याला ती पूर्ण करणे स्वतःच्या हातात होते का? उपस्थितीच्या अटीला ही कसोटी लावल्यावर मुले काय ठरवतात ते त्यांनाच ठरवू द्यावे. फक्त ऊसतोडीची मुले गावात असतानाच, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी, ही तासिका घ्यावी.

प्रश्नकर्ती

शुक्रवारी चौथी तासिका ठरवली आहे. मुख्याध्यापकही मागे बसून ऐकणार आहेत. मतदान त्यानंतरच होईल.