शब्दचर्चा : ‘जीवनाला खुले असणे’ हे मराठीत कसे म्हणावे? आणि येथे ‘संततिनियमन’ चालेल का?

भाषांतरकर्ती, सोलापूर

ओळखीच्या एका कॅथलिक धर्मगुरूंनी विवाहपूर्व वर्गासाठी वापरायची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत करण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. मी स्वतः प्रोटेस्टंट घरातली असल्याने त्यांच्या परिभाषेशी माझा परिचय बेताचाच आहे, आणि दोन जागी मी पुरती अडले आहे.

पहिली जागा अशी. ‘चर्चला संततिनियमन मान्य नाही’ असे वाक्य मी सहज लिहून गेले. फादरांनी त्याखाली लाल शाईने रेघ ओढली आणि विचारले, ‘‘नियमन मान्य नाही असे तुम्हाला कोणी सांगितले?’’ पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी काढलेल्या ‘हुमाने व्हिते’ या पत्राचे लॅटिन उपशीर्षकच मुळी मानवी संततीच्या वाढीची योग्य व्यवस्था लावण्याविषयी आहे. म्हणजे नियमनाला चर्चचा नकार नाही, नकार आहे तो कृत्रिम उपायांनी गर्भधारणा रोखण्याला. माझ्या एका शब्दाने चर्चची भूमिका उलटी झाली होती.

दुसरी जागा अधिक कठीण आहे. त्या पुस्तिकेत पानोपानी ‘जीवनाला खुले’ (इंग्रजीत ‘ओपन टु लाइफ’, म्हणजे मुलाच्या जन्माला वाव ठेवणे) अशा अर्थाचा प्रयोग येतो. मी तो तसाच ठेवला आणि वर्गाला येणाऱ्या एका जोडप्याला वाचायला दिला. मुलगी दोनदा वाचून म्हणाली, ‘‘म्हणजे एकमेकांपासून काही लपवायचं नाही, मोकळेपणानं राहायचं, असंच ना?’’ तिची काही चूक नव्हती. मराठीत ते वाक्य खरोखर तेवढेच सांगते. जाणकारांनी सुचवावे.

कोशवाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या इतिहासात आहे. ‘संततिनियमन’ हा शब्द मराठी वाचकांच्या मनात रुजवला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र उघडले, १९२३ मध्ये याच नावाचे पुस्तक काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यांच्या लेखी नियमन म्हणजे साधने वापरून गर्भधारणा टाळणे. त्यामुळे व्युत्पत्तीने हा शब्द कितीही व्यापक असला, तरी शंभर वर्षांच्या वापराने तो साधनांशी बांधला गेला आहे. फादर व्युत्पत्तीने बरोबर आहेत आणि आपण रूढीने बरोबर आहात. माझे मत विचाराल, तर पुस्तिकेत हा शब्दच टाळावा. जे अमान्य आहे त्याला ‘कृत्रिम गर्भनिरोध’ म्हणावे आणि जे मान्य आहे त्याला ‘नैसर्गिक कुटुंबनियोजन’ म्हणावे.

पूर्वभागकर

कोशवाचकांनी ‘नियमन’ पाहिले, पण ‘संतति’ पाहिली नाही. सम् आणि तन्, म्हणजे सलग ताणणे, पसरत नेणे. तंतू त्याच धातूचा आणि आमच्या मागावरचा ताणाही त्याच धातूचा. आमच्या घरात तीन पिढ्या माग होते. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला बोटांनी पिळून जोडावा लागतो. वडील शेकडो धागे असे जोडत बसलेले मी पाहिले आहेत. एक धागा चुकला, तर कापडात शेवटपर्यंत रेघ दिसते. संतती म्हणजे ते जोडणे आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि तेलुगूत रूढ शब्द ‘कुटुंब नियंत्रण’ असा आहे. कन्नड शेजारी ‘कुटुंब योजने’ म्हणत, उर्दू बोलणारे ‘मन्सूबाबंदी’ म्हणत, आणि शाळेत आम्ही ‘कुटुंबनियोजन’ लिहीत होतो. एकाच गल्लीत कोणी कुटुंबाचे नियंत्रण करत होते, तर कोणी योजना आखत होते. नियंत्रणात धाक आहे, योजनेत विचार आहे. फादरांना जो फरक हवा आहे तो सोलापूरच्या भाषांत असा आधीच पडलेला आहे.

निर्मळ मराठी

‘खुले’ हा शब्द या अर्थाने इंग्रजीची सावली आहे. आपल्याकडे दार खुले असते, बाजार खुला असतो, माणूस एखाद्या गोष्टीला ‘खुला’ नसतो. ‘अपत्योन्मुख’ हा निर्दोष शब्द घडवता येतो आणि त्यावरून ‘अपत्योन्मुखता’. शिवाय ‘अपत्य’ शब्दाला यास्काचार्यांच्या निरुक्ताचा, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील प्राचीन ग्रंथाचा, आधार आहे : ज्याच्या योगे मनुष्य पडत नाही ते अपत्य.

लष्करवाला

निर्मळ मराठी यांच्याशी मी सहमत नाही, आणि कारण शुद्धतेचे नाही. ज्याच्या योगे माणूस पडत नाही, म्हणजे कोठे पडत नाही? ती कल्पना पितरांची आणि नरकाची आहे. ख्रिस्ती विवाहाच्या पुस्तिकेत मूल हे आईबापांच्या तारणाचे साधन म्हणून येऊ शकत नाही. ते देणगी म्हणूनच येते. रोजच्या बोलण्यात ‘अपत्य’ खुशाल वापरावे, मात्र त्याची व्युत्पत्ती आधार म्हणून येथे आणू नये.

आमच्या पवित्र शास्त्राच्या मराठीत या विषयाचा शब्द केव्हापासून तयार आहे : ‘फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा’. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायातला. वडील कौटुंबिक प्रार्थनेत १२७वे स्तोत्र वाचत. त्यात तरुणपणची मुले वीराच्या हातातल्या बाणांसारखी आहेत आणि ज्याचा भाता भरलेला आहे तो धन्य, असे येते. मला लहानपणी भाता म्हणजे लोहाराचाच माहीत होता आणि मुले त्यात कशी भरतात हे कळत नसे. पुढे समजले की बाणांचाही भाता असतो.

आता मूळ मुद्दा. हा सगळा प्रश्न कॅथलिकांचा आहे, आम्हा प्रोटेस्टंटांकडे तो या रूपात नाही. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १९३० साली १५वा ठराव १९३ विरुद्ध ६७ मतांनी संमत केला आणि काही मर्यादा घालून गर्भनिरोधाला वाट दिली. १९२० च्या परिषदेने त्याला विरोध केला होता. १९७० मध्ये नागपूरला जी एकत्रित सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळी स्थापन झाली, तिच्यात अँग्लिकनही आले. आमच्या पाळकसाहेबांनी लग्नाआधी आम्हा दोघांना बसवून पुष्कळ विचारले, पण मुले किती आणि कशी, हे आमच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडले.

कोशवाचक

लष्करवाला यांच्या माहितीत एक भर घालतो. लॅम्बेथच्या ठरावाला काही महिने होतात न होतात तोच ३१ डिसेंबर १९३० रोजी पोप अकरावे पायस यांचे ‘कास्ती कोन्नुबी’ हे पत्र निघाले. त्यात उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायातील ओनानचा (मृत भावाच्या पत्नीला मूल होऊ नये म्हणून वीर्य जमिनीवर सांडणाऱ्याचा) दाखला देऊन गर्भनिरोध निषिद्ध ठरवला आहे. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनीही ओनानची कृती कठोर शब्दांत निषिद्ध मानली होती, त्यामुळे हा भेद पहिल्यापासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा नव्हता. आज ज्यांनी लष्करवाला यांच्या स्तोत्रातल्या भरलेल्या भात्यावरून स्वतःची ओळख ठरवली आहे आणि देव देईल तितकी मुले घ्यावीत असे जे मानतात, ते अमेरिकेतले प्रोटेस्टंटच आहेत.

लष्करवाला

ओनानचे पाप कोणते, यावर आमच्या बायबल अभ्यासात दोन रविवार गेले होते. मृत भावाचा वंश चालवण्याचे कर्तव्य त्याने कपटाने टाळले, हे माझ्या मते खरे पाप आहे. साधनाचा प्रश्न तेथे नाही.

निवृत्त परिचारिका

मी तीसहून अधिक वर्षे प्रसूतिकक्षात आणि नंतर वस्त्यांत काम केले. तुम्ही सर्वजण जे शब्द लिहिता, त्यांतला एकही मी बायकांच्या तोंडून ऐकलेला नाही. ‘गर्भनिरोध’ फलकावर असे. ‘निरोध’ तर १९६८ पासून सरकारी कंडोमच्या पाकिटाचे नाव झाले होते, त्यामुळे बायकांसमोर तो शब्द उच्चारला की त्या पदर तोंडाला लावत आणि पुढचे ऐकतच नसत. म्हणून कोशवाचकांना सांगावेसे वाटते की पुस्तिकेत ‘गर्भनिरोध’ लिहिलात, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते पाकीट येईल, विचार येणार नाही. बायका म्हणत, ‘पाळणा लांबवायचा आहे’, ‘तांबी बसवली’, ‘ऑपरेशन झालं’, ‘आता बंद’. १९७७ मध्ये खात्याचे नाव कुटुंब नियोजनावरून कुटुंब कल्याण झाले, कारण आणीबाणीतल्या सक्तीने जुन्या नावाची भीती बसली होती. बायकांच्या बोलण्यात मात्र त्या बदलाने काही फरक पडला नाही.

एक प्रसंग सांगते. विडी कामगारांच्या वस्तीत एक ख्रिस्ती बाई होती, तिला तीन मुले होती. मी माहिती द्यायला गेले तेव्हा ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तेंदूचे पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, आणि हे चालू असताना मान वर न करता ती म्हणाली, ‘‘देवानं दिलं तर नाही म्हणायचं नाही, पण मागायला पण जायचं नाही.’’ माझ्याकडचे पत्रक मी न वाचता परत आणले. भाषांतरकर्ती ताई, तुम्ही जो शब्द शोधता आहात, तो मला या वाक्यात दिसतो. तो नाम नाही, क्रियापद आहे. मराठीत आपण ‘मूल होऊ देतो’. त्या ‘देण्यात’ सगळे आले.

कोशवाचक

हे वाक्य मी उतरवून ठेवले आहे. तरी पुस्तिकेसाठी ते पुरेसे नाही, असे आदरपूर्वक म्हणतो. १९६८ च्या पत्राचा १०वा परिच्छेद जबाबदार पालकत्वाविषयी आहे. त्यात उदारपणे अधिक मुलांना जन्म देणेही बसते आणि गंभीर कारणे असल्यास काही काळ किंवा अनिश्चित काळ नवा जन्म टाळणेही बसते. १६वा परिच्छेद त्यासाठी स्त्रीच्या वंध्य दिवसांचा आधार घेण्याची मुभा देतो. पोप फ्रान्सिस जानेवारी २०१५ मध्ये मनिलाहून परतताना विमानात म्हणाले होते की चांगले कॅथलिक होण्यासाठी सशांसारखे असावे लागते असे काहींना वाटते, पण तसे नाही. तेव्हा ‘देवाने दिले तर’ या शब्दांत जो निव्वळ भरवसा आहे, त्याला विचाराची जोड हवी. त्या बाईच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ती आहे, हे मान्य करतो.

भाषांतरकर्ती

कोशवाचकांमुळे मी ते पत्र पुन्हा काढून वाचले आणि एक गोष्ट आता लक्षात आली. ११व्या परिच्छेदात जे ‘खुले’ राहावे असे म्हटले आहे, ते जोडपे नाही. प्रत्येक दांपत्यसंबंध जीवनासाठी खुला राहावा, असे ते वाक्य आहे. आणि विवाहविधीत धर्मगुरू वधूवरांना जे विचारतात, त्यात ‘खुले’ हा शब्दच नाही. देवाकडून येणारी मुले तुम्ही प्रेमाने स्वीकाराल का, असा तो प्रश्न आहे. म्हणजे एक गोष्ट मनाची आहे आणि एक गोष्ट कृतीची, आणि माझ्या पुस्तिकेने दोन्हींना एकच शब्द लावला होता. मनासाठी परिचारिकाबाईंचे ‘होऊ देणे’ अगदी नेमके आहे. कृतीसाठी मला ‘आडकाठी न घालणे’ सुचते. कृत्रिम उपाय करणे म्हणजे आडकाठी घालणे, आणि वंध्य दिवस पाहून थांबणे म्हणजे त्या दिवशी दाराशी न जाणे. चर्च ज्या दोन गोष्टींत भेद करते, तो भेद या दोन मराठी प्रयोगांत न शिकवता कळतो. ‘निरोध’ आणि ‘नियमन’ यांवरून फादरांशी झालेला वादही येथेच मिटतो.

निर्मळ मराठी

‘आडकाठी’ अस्सल मराठी आहे, याबद्दल आनंद आहे. पण ‘न घालणे’ हे नकारात्मक रूप झाले. मूळ शब्द होकारात्मक आहे. स्वागताचा भाव नकाराने कसा यावा?

पूर्वभागकर

लष्करवाला म्हणतील की हा भेदच त्यांना पटत नाही. थांबणे आणि अडवणे यांचा हेतू एकच असेल, तर शब्द दोन कशाला?

लष्करवाला

होय, मला तो पटत नाही. पण पुस्तिका माझ्या मंडळीची नाही. ज्यांची आहे त्यांचा भेद त्यांच्याच अर्थाने मराठीत यावा, आणि ‘आडकाठी’ने तो येतो, एवढे मी मान्य करतो.

अनामिक वाचक

मी या चर्चेत प्रथमच लिहीत आहे. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली. आम्ही कधीही आडकाठी घातलेली नाही, आणि मूल नाही. चर्चच्या कायद्यात वंध्यत्वाने विवाह अवैध होत नाही, हे फादरांनी आम्हाला समजावले होते आणि त्या दिवशी त्याचा फार आधार वाटला होता. म्हणून ‘मूल होऊ देणे’ वाचले तेव्हा मी थबकले. त्यात होणे जणू आपल्या परवानगीवर अडलेले आहे, असे ऐकू येते. आम्ही केव्हाच ‘होऊ दे’ म्हटले आहे. त्या विडी वळणाऱ्या बाईने ‘देवानं दिलं तर’ म्हटले होते. त्यातला ‘तर’ कृपा करून पुस्तिकेतून गाळू नका.

भाषांतरकर्ती

ताई, पुस्तिकेतल्या त्या सर्व ओळी मी आज पुन्हा काढल्या आहेत. ‘तर’ घातला की वाक्य लांबते आणि विवाहविधीच्या प्रश्नात ते बसत नाही. स्पष्टीकरणाच्या परिच्छेदात मात्र बसते. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) दोन्ही मसुदे फादरांसमोर ठेवणार आहे. तोवर निर्मळ मराठी यांच्या होकारात्मक रूपाच्या आक्षेपावर कोणाला काही सुचत असेल, तर लिहावे.